परदेशगमनाचा ताळेबंद : पांढुर्णा व सौंसर तालुक्यांतील इच्छुकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

स्थलांतर या संज्ञेची रूढ व्याख्या अशी, की माणूस आपले राहते ठिकाण सोडून अन्यत्र वस्तीला जातो आणि मूळ ठिकाण जागच्या जागी राहते. परंतु पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांच्या बाबतीत ही व्याख्या उलटी लावावी लागते, कारण येथील रहिवासी जागच्या जागी राहिले आणि त्यांचे ठिकाणच दोनदा हलले. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री पांढुर्ण्याचा शेतकरी झोपला तेव्हा त्याची राजधानी नागपूरला, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत जाऊन येता येईल इतक्या अंतरावर होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि सकाळी बैलांना चारा टाकेपर्यंत घरात मराठी बोलणाऱ्या त्या शेतकऱ्याची राजधानी भोपाळला पोचली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणही हलले. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानभाडे यांपैकी काहीही न लागता दोन स्थलांतरे पार पाडलेल्या समाजाला परदेशगमनाचे मार्गदर्शन करणे हे माशाला पोहणे शिकवण्यासारखे आहे, हे मान्य करूनच प्रस्तुत मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. पैसे भरून करावयाचे स्थलांतर मात्र या समाजाला तुलनेने नवे आहे, आणि तेथेच हिशेब चुकतो.

इच्छुकाने सर्वप्रथम अंतर ठरवावे. जर्मनीत जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेला भूगोलतज्ज्ञ रॅव्हेनस्टाइन याने १८८५ साली लंडनच्या संख्याशास्त्र सभेपुढे स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांतील पहिला असा, की बहुतेक स्थलांतरे जवळची असतात; आणि आणखी एक असा, की जवळच्या स्थलांतरांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक असतात. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ कोटी स्थलांतरितांनी दिलेल्या कारणांत लग्न हे सर्वांत मोठे कारण निघाले, म्हणजे रॅव्हेनस्टाइनने संख्यांवरून जे ताडले ते येथील प्रत्येक सासुरवाशिणीला आधीच ठाऊक होते. जवळच्या देशांतराचा आर्थिक लाभही या भागात मोजता येतो. मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ योजनेचे मासिक हप्ते जून २०२३ पासून सुरू झाले व रक्कम १,००० वरून १,२५० रुपयांवर गेली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना १,५०० रुपयांनी सुरू केली. त्यामुळे पांढुर्ण्यातच दिलेली मुलगी आणि सीमेपलीकडे नरखेड वा वरुडला दिलेली मुलगी यांच्यात काही काळ दरमहा २५० रुपयांचे अंतर पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशानेही रक्कम १,५०० केली, आणि स्थळ पाहताना विचारात घेण्याजोगा हा एक मुद्दा निकालात निघाला.

जवळचे देशांतर स्वस्त असते असा मात्र गैरसमज नसावा. या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध देशांतराची लांबी एका नदीच्या रुंदीइतकी आहे. आख्यायिकेप्रमाणे पांढुर्ण्याच्या तरुणाने जाम नदीपलीकडील सावरगावची मुलगी पळवून आणली, दोघे नदीच्या मध्यावर असताना सावरगावकरांनी दगड मारले, पांढुर्णेकरांनी उलट मारले, आणि त्याची आठवण म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवून, त्यावर झेंडा लावून दोन्ही तीरांवरून आजतागायत गोटमार चालते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि मृत्यूही झालेले आहेत. एका कुटुंबाच्या काही पावलांच्या स्थलांतराचा खर्च दोन गावे पिढ्यान्‌पिढ्या हप्त्याने फेडत आहेत, आणि मुद्दल अजून बाकी आहे. दूरच्या देशांतराचे अंदाजपत्रक करताना हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावे.

अंतर ठरल्यावर गणिताकडे वळावे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्यांची जागा आता पंच्याऐंशीकीने घेतली आहे. एका डॉलरचे सुमारे ८५ रुपये धरून केलेला हा पाढा (रुपया अधिक घसरला की पाढाही वाढतो) पानठेल्यावर अत्यंत लोकप्रिय असून त्याचा एकच नियम आहे : तो पगारावर म्हणायचा, खर्चावर म्हणायचा नाही. “पोरगा फॉरेनले हाय” या विधानानंतर “पगार किती हाय बाप्पा?” हा प्रश्न येतो, उत्तर वर्षाला एक लाख डॉलर असे येते, आणि क्षणात समोरच्याच्या डोळ्यांत ८५ लाख रुपये उभे राहतात. त्याच पोराचे घरभाडे, विमा, पाळणाघर आणि मोटारीचा हप्ता यांना ८५ ने गुणण्याची प्रथा नाही, कारण तसे केल्यास ऐकणाऱ्याचा विरस होतो.

अर्थशास्त्रात या विरसाला क्रयशक्ती समता असे भारदस्त नाव आहे. क्रयशक्ती म्हणजे पैशाची वस्तू विकत घेण्याची ताकद. दोन देशांत तीच टोपली भरायला किती किती चलन लागते हे पाहून जो दर निघतो तो क्रयशक्ती समतेचा दर. स्वीडनचा अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही संज्ञा रूढ केली. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते ते भारतात साधारण २० ते २५ रुपयांत मिळते. म्हणजे राहणीमानाच्या भाषेत ते एक लाख डॉलर ८५ लाखांऐवजी २० ते २५ लाखांच्या घरात येतात. ही रक्कमही लहान नव्हे, पुण्यात हिंजवडीला एवढा पगार मिळाला तर पेढे वाटले जातात. परंतु उरलेले ६० लाख विमानातून उतरण्यापूर्वीच कोठे गेले, याचा खुलासा इच्छुकाने घरच्यांना आधीच करून ठेवावा.

ते कोठे गेले हे समजण्यासाठी न्हाव्याचे उदाहरण उत्तम. टोरांटोचा न्हावी पांढुर्ण्याच्या न्हाव्यापेक्षा जलद केस कापत नाही, उलट गप्पा कमी मारतो, तरी त्याचे दर कितीतरी पट असतात. कारण त्याच्या शेजारच्या कारखान्यात यंत्रांच्या बळावर मजूर तासाला पुष्कळ माल काढतो, म्हणून त्याची मजुरी जास्त, आणि न्हाव्याला जवळपास तशी मिळकत झाली नाही तर तो वस्तरा ठेवून कारखान्यात जाईल. श्रीमंत देशांत जे काम माणसाच्या हातानेच होते ते महाग का, याचे हे स्पष्टीकरण १९६४ साली बलासा आणि सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दिले, व त्याला त्यांचीच नावे चिकटली. या सिद्धान्ताचा इच्छुकाच्या दृष्टीने अर्थ असा, की पांढुर्ण्यात जी जी गोष्ट दुसऱ्याच्या हातून होत असे, म्हणजे धुणेभांडी, इस्त्री, नळदुरुस्ती, मूल सांभाळणे, ती ती परदेशी एकतर स्वतः करावी लागते, नाहीतर तिच्यावर पंच्याऐंशीकी म्हणावी लागते.

यांपैकी मूल सांभाळणे या सेवेवर मराठी कुटुंबांनी जो उपाय शोधला आहे तो बलासा आणि सॅम्युएलसन यांच्याही लक्षात आला नव्हता. उपायाचे नाव आजी. सेवा आयात करता येत नाही हा त्या दोघांच्या सिद्धान्ताचा पाया. परंतु सौंसरची आजी हा पाया विमानाच्या एका तिकिटात उखडून टाकते. अमेरिकेत पाहुण्याच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू दिले जाते, म्हणून एका बाजूची आजी सहा महिने आणि त्यानंतर दुसऱ्या बाजूची आजी सहा महिने असे वर्षाचे वेळापत्रक बसते. ताळेबंदात तिकीट आणि आरोग्यविमा या खर्चाच्या रकमा, व पाळणाघराची वाचलेली फी ही जमेची. पाहुणी म्हणून गेलेल्या व्यक्तीला कामाची परवानगी नसते, परंतु नातवाला भरवणे हे काम आहे असे आजीला सांगण्याची हिंमत कोणत्याही अधिकाऱ्याला झालेली नाही. या व्यवस्थेतील एक दोष नोंदवावा लागतो. आजीबरोबर आजोबाही जातात, आणि हिवाळ्यात अंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागेला ताण देण्याच्या दिवसांत, म्हणजे फुलोरा यावा म्हणून झाडांचे पाणी तोडण्याच्या दिवसांत, बागेवर कोणी नसते. ताण मग झाडांऐवजी न्यू जर्सीत खिडकीबाहेरचे बर्फ पाहत बसलेल्या आजोबांनाच मिळतो.

संत्र्याचा उल्लेख आला आहे तर परदेशगमनातील त्याचा अनुभवही पाहावा, कारण या भागातून बाहेर जाण्याची खटपट माणसाइतकीच संत्र्यानेही केली आहे. पांढुर्णा-सौंसरचे संत्रे प्रथम नाव बदलून नागपुरी होते आणि मग पुढे जाते. त्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतरच्या काही वर्षांत आयात शुल्क चौपटीहून अधिक केले, आणि बाहेर जाण्यास सिद्ध झालेली फळे नागपूरच्या कळमना बाजारात परत येऊन पडली. आपण पिकलो म्हणजे पलीकडचे दार उघडेच असणार, हा समज फळाला परवडला नाही.

दार आता कोठे किती उघडे आहे याची माहिती घेताना इच्छुकाने ‘विसार’ या शब्दाचे स्मरण ठेवावे. बागेचा सौदा करताना व्यापारी आगाऊ रक्कम देतो ती विसार. परदेशी शिक्षणात ही पद्धत उलटी असून बागवाल्यानेच विसार द्यायचा असतो. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात, आणि नंतर त्याचेच पैसे त्याला दरमहा ९९२ युरोने परत मिळतात, ज्यास तो पहिले दोन महिने शिष्यवृत्ती समजतो. कॅनडाने ही रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून जानेवारी २०२४ पासून एकदम २०,६३५ केली व पुढेही वाढवली. यासाठी कर्ज काढायचे तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवर तारण लागते, शेतजमीन तारण घेण्यास अनेक बँका नाखूश असतात, आणि शिक्षण चालू असताना हप्ता थांबतो पण व्याज थांबत नाही; ते नियमितपणे अभ्यास करीत असते.

आखाताचा मार्ग थोडक्यात सांगता येतो : तेथे पगारावर प्राप्तिकर नाही, परंतु दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये तपासणीची अट असते, आणि म्हातारपण तेथे घालवणे बहुतेकांना शक्य नसते. अमेरिकेचा मार्ग गोटमारीच्या जवळचा आहे. एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० असून अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात व निवड सोडतीने होत आलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले. नदीच्या मध्यभागी एकच पळस, दोन्ही तीरांवर गर्दी, आणि झेंडा हाती लागला तरी तो शेवटी चंडी मातेच्या देवळात अर्पण करायचा, ही रचना येथील तरुणाला समजावून सांगावी लागत नाही.

परदेशी जाऊन काम उरकून आलेल्यांचा आदर्श शोधणाऱ्याने सौंसरजवळच्या जामसावळीला अवश्य जावे. समुद्र ओलांडून गेलेला, काम होताच कायम वास्तव्याचा अर्ज न करता परतलेला, आणि तेथील सोन्याच्या नगरीचे राहणीमान पाहूनही न भुललेला असा प्रवासी आपल्या परंपरेत एकच, आणि त्या हनुमंताची जामसावळीची मूर्ती पहुडलेली आहे. व्हिसाचा नवस बोलणाऱ्यांनी ही विश्रांती कशानंतरची आहे याकडे लक्ष द्यावे.

आता निर्णय. पंच्याऐंशीकी खोटी नाही. ती फक्त एकाच दिशेने चालते. डॉलर तेथेच खर्च झाला तर तो २०-२५ रुपयांचा, आणि पांढुर्ण्याला पाठवला तर पुरा ८५ चा. २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, ते याच फरकामुळे. तेव्हा ज्याचे मन, म्हातारपण आणि घराचे बांधकाम पांढुर्ण्यातच आहे त्याने जाणे फायद्याचे. ज्याला तेथेच घर घेऊन तेथलेच व्हायचे आहे त्याने स्वच्छ हवा, मुलांची शाळा वा स्वतःची हौस यांसाठी खुशाल जावे, स्वस्ताईसाठी जाऊ नये. अडचण एवढीच, की पहिल्या प्रकारचा माणूस दहा वर्षांत दुसऱ्या प्रकारचा होतो, आणि मुले शाळेत गेली की त्याला ते कळतही नाही.

कागदपत्रांच्या कामाला लागणाऱ्या इच्छुकांना एकच सूचना : पासपोर्ट कार्यालयाची वा दूतावासाची तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची घेऊ नये, त्या दिवशी गावातून बाहेर पडण्याची हमी कोणी देत नाही.