बलकाचा गुन्हा काय?

शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ असं ठळक छापलेलं असतं. ते खरंच आहे. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं आणि शेंगदाणा हा प्राणी नाही. त्या न्यायाने साखरेच्या पोत्यावर आणि तंबाखूच्या पुडीवरही तसं छापायला हरकत नाही. पण डब्यावरच्या त्या दोन शब्दांच्या भरवशावर आमच्याकडे पुऱ्या अशा तळल्या जातात, जणू तेवढंच औषध पोटात जातंय.

एवढी खबरदारी घेऊनही माझा रिपोर्ट आला तो असा: एकूण कोलेस्टेरॉल २४२, त्यातलं ‘चांगलं’ म्हणजे एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स २६०, ‘वाईट’ म्हणजे एलडीएल १५४. तपासणी रक्ताची झाली, चौकशी मात्र स्वयंपाकघरात बसली.

पहिला संशय अंड्यावर. बायकोने त्याच दिवशी फर्मान काढलं, “अहो, उद्यापासून पांढरं तेवढं तुमचं.” बलक कुणाचा ते सांगितलं नाही, बहुधा मांजराचा. बिचाऱ्या बलकाची बदनामी शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१३ च्या सुमारास अनिच्कोव्ह नावाच्या रशियन संशोधकाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्या भरल्या. भरणारच! ससा जन्माचा गवत खाणारा, त्याच्या शरीराला हा पदार्थ पचवायची सवय नाही. माणसाचं तसं नाही. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यातला मोठा वाटा यकृताचा. एका बलकात साधारण दोनशे मिलिग्रॅम असतं, आणि अमेरिकनांनी दिवसाला तीनशेची जी मर्यादा वर्षानुवर्षं घालून ठेवली होती, तो आकडा २०१५ च्या आहारसूचनांतून काढून टाकला. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अमेरिकेला सांगा, आमच्याकडे या जेवायला.”

दुसरा संशय तुपावर, आणि तिथे घरात उभी फूट पडली. आई तुपाच्या बाजूने. तिचे आजोबा वाटीने तूप प्यायचे आणि नव्वदी ओलांडून गेले. ते दिवसभर औत हाकायचे आणि मी दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतो, हा तपशील तिला गौण वाटतो. तुपाला मात्र बलकाइतकं निर्दोष म्हणता येत नाही. यकृतावर एलडीएलला रक्तातून उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ते शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की हे ग्राहक कामाला कमी येतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. तेव्हा वरणावर एक चमचा ठीक. आईचा चमचा म्हणजे आमटीचा डाव असतो, ही वेगळी अडचण.

मला खरी दया आली ती एलडीएलची. बऱ्याच लॅबमध्ये ते मोजतच नाहीत! एकूण आकड्यातून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा, उरेल ते एलडीएल. १९७२ पासून हे सूत्र चालू आहे. म्हणजे ज्याच्या नावाने सगळं घर बोटं मोडतं, तो केवळ वजाबाकीत सापडलेला.

डॉक्टरांनी वेगळंच विचारलं. “चहाबरोबर काय घेता?” मी म्हणालो, काहीच नाही, खारी, टोस्ट, कधी नानकटाई. खारीला आपल्याकडे खाणं समजत नाहीत. ज्या वनस्पती तुपात ती फुगते, त्यातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि वर एचडीएल उतरवते. २०२२ पासून आपल्याकडे तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तोवर माझ्या तीन दशकांच्या खाऱ्या खाऊन झाल्या होत्या. मग उपासांचा विषय निघाला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. जास्तीची साखर आणि पिष्ट यांचं यकृत ट्रायग्लिसराइड्समध्ये रूपांतर करतं, त्यामुळे माझी एकादशी रक्तात द्वादशीपर्यंत तरंगत असते. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

बीपी, साखर आणि वडिलांच्या हृदयविकाराची माहिती घेऊन डॉक्टरांनी शेवटी स्टॅटिनची गोळी लिहून दिली. कट्ट्यावर लगेच इशारा मिळाला, “एकदा सुरू झाली की आयुष्यभर!” तसा चहाही एकदा सुरू झाला की आयुष्यभरच असतो, पण त्याबद्दल कुणी सावध केल्याचं आठवत नाही. या गोळीचं मूळ बुरशीत आहे. जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि सत्तरच्या दशकात तांदळावर वाढलेल्या एका बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं द्रव्य सापडलं. आमच्या घरात तो तांदूळ कधीच टिकला नसता. बायकोने बरणीसकट उन्हात टाकला असता.

तीन महिन्यांनी एलडीएल ९६ वर आलं. बायको म्हणाली, ओट्स आणि मटकीच्या उसळीमुळे. त्यांतला विद्राव्य तंतू पित्ताम्ल धरून बाहेर नेतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते बरोबरही होतं. आई म्हणाली, लसणीमुळे. डॉक्टर म्हणाले, मुख्यतः गोळीमुळे. एचडीएल ३६ वरून ३८ झालं होतं, तेवढं रोजच्या चालण्याचं म्हणून मी मागून घेतलं. कुणी हरकत घेतली नाही.