उस्ताद, चाक हलवून तरी पाहायचं होतं

माननीय उस्ताद,


आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातल्या गुरगुरीचं निदान आपण हातातला चहाचा ग्लासही खाली न ठेवता केलंत, याबद्दल प्रथम जाहीर अभिनंदन. गाडी उचलली नाही, चाकाला बोट लावलं नाही. नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, "शॉकअप गेलेत." गेले ते शॉकअप. गुरगुर तिथेच. मग बुश बदलले. मग टायर, कारण जुन्या टायरची नक्षी तुकड्यातुकड्यांनी खाल्ली गेली होती. ती कोण खातंय, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. नवे टायरही त्याच वाटेनं निघाले, तेव्हा आपण रस्त्यांना दोष दिलात. महाराष्ट्रातल्या रस्त्यांची बाजू घेण्याची वेळ माझ्यावर आणणारे आपण पहिलेच.

त्यावर कळस म्हणजे मागच्या चाकांची अलाइनमेंट. आमच्या छोट्या गाडीला मागे सलग बीम आहे. तिथे ना टाय रॉड, ना कोन बदलायला नट. कारखान्यात जो कोन मिळाला, तोच. आणि चाकच ढिलं असताना कोन मोजणं म्हणजे चालत्या गिऱ्हाइकाच्या पँटचं माप घेणं. पण बिलात ओळ होती, रक्कमही होती. नेमकं काय फिरवलंत, तेवढं कधीतरी दाखवा. कुतूहल आहे.

मी बिचाऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला होता. काँक्रीट सोडून डांबरावर आलं तरी सूर बदलत नाही. टायरचा आवाज असता, तर रस्ता बदलताच बदलला असता. खंबाटकीत उजव्या वळणांवर गुरगुर चढते, डाव्या वळणांवर दबते. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे दुखणं डावीकडे. आपण प्रेमानं म्हणालात, "साहेब, घाटात सगळ्याच गाड्या ओरडतात."

शेवटी निदान झालं ते वाईजवळच्या एका पंक्चरच्या टपरीत. पोरानं पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडायला लावला, जॅक चढवला. आधी चाकाचे चारही नट पाना लावून पाहिले. घट्ट होते. मग एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि आत-बाहेर हलवलं. खट्! "प्ले आहे." मला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. खट् गायब. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरून ठेवतात, मग बेअरिंगमधला खेळ दिसत नाही. आपल्या लाडक्या बुशांत दोष असता, तर ब्रेक दाबूनही चाक हललंच असतं. एवढ्यावर न थांबता त्यानं एका हातानं चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवली. मलाही टेकवायला लावली. आतली खरखर बोटांना सरळ कळत होती. पैसे त्यानं फक्त पंक्चरचे घेतले. धंदा कसा करतात, हे त्याला आपल्याकडे शिकायला पाठवायला हवं.

बेअरिंग बदलण्याचा मान तरी आपलाच, म्हणून परत आलो. यावेळी आपण चहा खाली ठेवलात आणि हातोडा उचललात! उस्ताद, बेअरिंगची बाहेरची रिंग ड्रममध्ये घट्ट बसते. दाबायचं ते त्या रिंगेला, आणि प्रेसवर. आपण घाव घातलेत आतल्या रिंगेवर. तो घाव छर्‍यांमधून पलीकडे जातो आणि दोन्ही रिंगांच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पाडतो. डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, पण गाडीला वेग आला की ऐकू येतात. वर बेअरिंग धरून ठेवणारा जुनाच नट परत चढवलात. त्याची कडा खाचेत ठोकून बसवलेली असते, म्हणून तो एकदाच वापरायचा. आपण छिन्नीनं तो पुन्हा 'नवा' केलात आणि टॉर्क रेंच भिंतीवर शोभेला ठेवून पान्याला पाईप अडकवून "बास, झाला" म्हणालात.

महिन्याच्या आत गुरगुर माहेरी परतली. मी फोन केला. आपण म्हणालात, "आता उजवं बघायला लागेल."

उजवं राहू द्या. दुसरीकडे प्रेसवर डावं नीट बसवून घेतलं आहे, गाडी गप्प आहे. एकच चौकशी: आपण काढलेले आमचे जुने, निरपराध शॉकअप मला परत मिळाले नाहीत. ते सध्या ज्या कोणाच्या गाडीला 'नवे' म्हणून बसले असतील, त्यांना आमचा नमस्कार सांगावा.

कळावे. आपला लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपलं एक जुनं गिऱ्हाईक