खंडेनवमीचे आप्पा

शिंदखेड्यात खंडेनवमीला आप्पा ज्या घरी जातात, त्या घराचा इतिहास दुपारपर्यंत निम्मा होतो.

एसटीतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात शिरतात. आप्पा युरोपियन तलवारींत शिरले. त्यातही लांब, सरळ फिरंगा त्यांना नकोत. जीव सगळा आखूड, वाकड्या पात्यांवर. धुळ्याला गेले की राजवाडे संशोधन मंडळात डोकावल्याशिवाय परतत नाहीत. पुराव्याचा हट्ट बहुधा तिथूनच लागला.

खिशात भिंग, लोहचुंबक आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप. यजमान पाटावर तलवार मांडून सांगत असतो, "आप्पा, हाई मन्हा खापरपणजानी शे. पानिपतले लढना व्हता तो."

आप्पा हळदकुंकू चुकवून मुठीला चुंबक लावतात. चिकटत नाही.

"पितळ. मूठ आणि बोटांवरची कमान एकाच ओतकामातली, सांधा कुठेच नाही. पातं दोन फुटांच्या आत, एकधारी, मधे पन्हळ नाही. फ्रेंच पायदळाची ब्रिके! पानिपत झालं 1761 ला. ही घडण त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आली. आणि शिपाई हिनं लढत कमी, सरपणच जास्त तोडत."

यजमानाच्या हातातलं निरांजन तसंच राहतं. शेजारच्या घरी मूठ हरणाच्या शिंगाची आणि खाली शिंपल्याच्या आकाराची पत्री निघाली, तर तिथले सरदार पूर्वज जर्मन शिकाऱ्याला जागा करून देतात.

एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आप्पांनी नवरदेवाच्या कट्यारीचं लिंबू काढून टोक तपासलं आणि "भाड्याची" असं खणखणीत जाहीर केलं. आणखी काय काय भाड्याचं आहे, हे वधूपक्षाला समजावण्यात अर्धा तास गेला.

तरी बोलावणी दोंडाईच्यापर्यंतची येतात. कारण पुढच्या वर्षी तोच यजमान पाहुण्यांना सांगतो की खापरपणजानं ही तलवार खुद्द नेपोलियनच्या हातातून हिसकावली. आप्पांनी पुरावाच दिलाय ना!

आप्पांचं गावाला एकच मागणं आहे. पूजेआधी मूठ चिंच-राखेनं घासू नका. पितळेवर तपासनिसांचे बारीक शिक्के असतात. ते झिजले की ओळख पटवणं अवघड. झेंडूचं फूल वाहा, तेवढं पुरे.