कर्नलसाहेब, काडी तुमची, क्रूस कुणाचा?

कर्नल विल्यम जोसेफ सिमन्स यांस,



‘कर्नल’ म्हटलं ते तुमचा मान राखायला. ती पदवी लष्कराची नव्हे, एका बंधुमंडळातली, हे ठाऊक आहे. पण कु क्लक्स क्लानचा ‘इम्पीरियल विझर्ड’ म्हणवून घेणाऱ्याच्या बाबतीत एवढ्यावर कशाला अडायचं?

पत्रास कारण, 1915 ची थँक्सगिव्हिंगची रात्र. अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर तुम्ही पंधरा-एक माणसं नेलीत, दगडांची वेदी रचलीत, तिच्यावर झेंडा, बायबल आणि तलवार मांडलीत आणि रॉकेलनं भिजवलेला क्रूस पेटवलात. म्हणे, जुन्या क्लानची परंपरा! अहो, 1860 च्या दशकातल्या त्या मंडळींनी माणसं मारली, घरं जाळली. क्रूस जाळत नव्हती ती. ही कल्पना थॉमस डिक्सनच्या 1905 च्या कादंबरीतली, त्याने ती स्कॉटलंडच्या डोंगरी टोळ्यांच्या रणहाकेवरून उचललेली. तिच्यावर ग्रिफिथने सिनेमा काढला आणि तो अटलांटात लागायच्या सुमारास तुम्ही दुकान थाटलंत. डिक्सन एके काळचा बाप्टिस्ट पाळक, तुम्ही मेथडिस्ट उपदेशक. शुभवर्तमान दोघांनाही तोंडपाठ असणार.

मग क्रूस कुणासाठी असायचा, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? रोमन राज्यात तो गुलामांसाठी, बंडखोरांसाठी. स्पार्टाकसच्या बंडानंतर कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने 6,000 जण टांगले होते. जमावानं ओरडून मागितलेला आणि सर्वांदेखत लटकवलेला माणूस पाहायला तुम्हाला यरुशलेमला जायची गरजच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टात, तुमच्याच जॉर्जियात, मॅरिएटा इथे लिओ फ्रँक या ज्यू व्यवस्थापकाला तुरुंगातून पळवून नेऊन ओकच्या झाडाला फाशी दिलं गेलं. लोक फोटो काढायला जमले. क्रूस हवा होता ना? तो तिथे होता. तुम्ही उभे राहिलात दोर ओढणाऱ्यांच्या बाजूला.

तुमचे नियमही पाहिले. सभासद गोरा हवा, अमेरिकेत जन्मलेला हवा, प्रोटेस्टंट हवा. नासरेथच्या सुताराचा अर्ज पहिल्याच रकान्यात बाद! त्याचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. त्याला दारातच अडवलं असतं. बाकी ज्याच्याकडे 10 डॉलर होते त्याचं स्वागत. 1920 नंतरच्या हिशेबात त्यातले 4 डॉलर गिऱ्हाईक आणणाऱ्याला आणि 2 तुम्हाला. यहूदाने निदान एकरकमी सौदा केला होता.

पण तुमची खरी कमाल 1921 ची. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना तुम्ही ‘छळ करणाऱ्यांना क्षमा कर’ असं बापाला विनवलंत आणि तिथेच कोसळलात. म्हणजे बळीची जागाही तुम्हालाच हवी! पुढच्याच वर्षी हायरम इव्हान्स नावाच्या दंतवैद्याने तुम्हाला गादीवरून उतरवलं. तुमच्याच तालमीत तयार झालेला गडी, अशी कामं सफाईनं करणारच.

तुम्ही 1945 मध्ये गेलात, म्हणून पुढची एक खबर कळवतो. एप्रिल 1960 मध्ये अटलांटातल्या एका घरासमोरच्या हिरवळीवर जळका क्रूस सापडला. तिथे राहणाऱ्या माणसाने तो स्वतः उपटून काढला. शेजारी त्याचा दोन वर्षांचा मुलगा उभा होता, फोटो आहे. त्या माणसाचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. धंदा विचाराल, तर पाळक. तुमच्या गावातला, प्रोटेस्टंट, जन्माने अमेरिकन. एकाच रकान्यात नापास.

आपला,
एक वाचक