पडलो तरी पिव्हट

पूर्वी धंदा बसला की मालक दुकानाला कुलूप लावून गावी जाई. आता तो 'पिव्हट' करतो. या क्रियापदाला कर्ता मात्र वजनदार लागतो. संस्थापकाने ध्येय बदलले तर पिव्हट, त्याच्या कारकुनाने बदलले तर धरसोड आणि आमदाराने बदलले तर मतदारसंघाचा विकास.

शब्द ओळखीचा बास्केटबॉलमुळे. चेंडू हातात घेऊन एक पाय रोवायचा आणि दुसऱ्याने हवे तिकडे वळायचे. रोवलेला पाय सरकवून चालू लागलात की पंचांची शिट्टी. एरिक रीस यांच्या २०११ च्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकाने हा शब्द उद्योजकांच्या तोंडी बसवला. मार्ग बदला, पण शिकलेले सोडू नका, असा त्याचा अर्थ. उद्योजकांनी त्यातले वळणे तेवढे घेतले.

पाय रोवून वळलेलेही आहेत. स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीचा 'ग्लिच' हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद पडला. तो बनवताना आपापसांत बोलायला केलेले साधन मात्र हाताशी होते. त्याचेच पुढे 'स्लॅक' झाले.

आता दोन्ही पाय हवेत असलेले पाहा. अमेरिकेतली 'लाँग आयलंड आइस्ड टी' ही कंपनी थंडगार चहा विकायची. डिसेंबर २०१७ मध्ये ती 'लाँग ब्लॉकचेन' झाली आणि शेअर त्याच दिवशी दुपटीहून वर उसळला. शिळ्या कढीला ऊत येतो हे ठाऊक होते, इथे गार चहाला आला. पुढच्या वर्षी नॅसडॅकने तिला यादीतून काढले, २०२१ मध्ये नियामकाने नोंदणीच रद्द केली. शिट्टी वाजली, पण सामना संपल्यावर.

२०१७ मध्येच अमेरिकेतल्या कित्येक वृत्तसंस्थळांनी फेसबुकच्या भरवशावर 'व्हिडिओकडे पिव्हट' करून लेखकांना घरी पाठवले. लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात याचे आपले आकडे फुगलेले होते, हे फेसबुकने २०१६ मध्येच कबूल केले होते. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकच 'मेटा' झाले. तेराव्या महिन्यात ११,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. गिरकी मालकाची, भोवळ नोकराला.

तेव्हा मुलाखतीत कोणी अभिमानाने म्हणाले, "आम्ही नुकतेच पिव्हट केले," तर दूरदृष्टीचे कौतुक जरूर करा. मग हळूच विचारा, गेल्या महिन्याचा पगार झाला का?