दाखवीन, पण सांगणार नाही

त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांची माणसं पटवायची रीत एकच होती: सांगायचं कमी, दाखवायचं जास्त. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण सिनेमात पैसा घालायला कोणी तयार होईना. दुसरा कोणी नफ्यातोट्याचं टिपण करून सावकारांचे उंबरठे झिजवत बसला असता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर मांडून रोज थोडंथोडं चित्रण केलं. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उरकली. बी फुटलं, कोंब वर आला आणि पैसेवाला पाघळला. (आजच्या बँकेत हाच वाटाणा नेला असता तर ‘तारण किती क्विंटल?’ असं विचारलं असतं.)

‘राजा हरिश्चंद्र’ या सिनेमाच्या वेळची वांगणी गावातली गोष्ट याच जातीची. फाळके मागून येणार होते; नटमंडळी तलवारी, भाले घेऊन पुढे गेली. गावकऱ्यांना वाटलं, दरोडा पडला. पाटलाने फौजदाराला कळवलं आणि हरिश्चंद्राचा सगळा दरबार अटकेत गेला, असं सांगतात. आम्ही सिनेमावाले, हे नटांनी परोपरीने सांगितलं असणार. पण सिनेमा कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही त्याला काय सांगणार? फाळके आले, त्यांनी वाद घातला नाही. कॅमेरा मांडला, फिल्म न घालताच फिरवून दाखवला आणि माणसं सोडवून नेली.

त्या काळी सिनेमात काम करणं कमीपणाचं. कोणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असं सांगा, ही मालकांची सूचना होती. कंपनीचं जनसंपर्क धोरण एवढ्यात संपलं.

हे सगळं चाललं कसं, याचं उत्तर स्वयंपाकघराकडे जातं. पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचं रांधत, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत आणि उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. नवरा बोलायच्या आत काय हवंय ते त्यांना कळत असावं. अशा सहकाऱ्याला हल्ली काय पदनाम देतील कोण जाणे; पगार मात्र तेव्हाही नव्हता.

१९१३ नंतर बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला आले. गोदेचे घाट होते, डोंगर होते, देवांच्या गोष्टींना तोटा नव्हता. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मुंबईच्या एका उपाहारगृहातून फाळक्यांनी उचललेला हा गडी. नायक-नायिकेत रुसवेफुगवे नाहीत, तारखांचा घोळ नाही, कोणाचं नाव आधी छापायचं हा वाद नाही. इतकी एकजिनसी टीम नाशिकने पुन्हा पाहिली नसेल. त्याच सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ हेही फाळक्यांनी चित्रपट काढूनच दाखवलं.

मग १९१८ साली मुंबईचे पाच धनिक भागीदार झाले आणि हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. इथे गाडी अडली. वाटाणा उगवताना दाखवता येतो, पण मनासारखं दृश्य मिळेपर्यंत रुपये का उडतात, हे कसं दाखवणार? भागीदारांची भाषा वहीखात्याची. त्यांना जमाखर्च हवा, वेळेचं बंधन हवं. फाळक्यांना मोकळा हात हवा. खरं तर भागीदारांचंही चुकत नव्हतं. पैसा त्यांचा होता. पण दोन्ही बाजू आपापल्या भाषेत बरोबर असल्या की भांडण मिटायची सोय राहत नाही.

अशा वेळी उपयोगी पडावं असं, माणसांचे स्वभाव चार खान्यांत बसवणारं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांचं पुस्तक १९२८ मध्ये आलं, म्हणजे या मंडळींना उशिराच. ‘तुम्ही लाल की निळे?’ असं विचारत कंपन्यांत भरणाऱ्या आजच्या कार्यशाळा त्याच वंशातल्या. हे गृहस्थ खोटं पकडण्याच्या चाचणीवरही काम करत. हिशेबनिसांना त्यांचा तो उद्योग अधिक भावला असता.

फाळके तडकून, कंपनी सोडून काशीला गेले आणि नाटक लिहायला बसले. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी परत या म्हणून आळवलं. फाळक्यांनी कळवलं, सिनेमापुरता मी मेलो. कोल्हटकर पडले संपादक. त्यांनी ते पत्र छापून टाकलं. मग वाचकांच्या पत्रांचा असा पाऊस पडला की मेलेल्याला उठावं लागलं. १९२२ च्या सुमारास ते नाशिकला, त्याच कंपनीत परतले. भागीदार म्हणून निघालेला माणूस पगारदार होऊन आला.

पुढे तिथूनही बाहेर पडून त्यांनी ‘सेतुबंधन’ हाती घेतला. अर्ध्यात पैसे संपले. तेव्हा मदतीला आले ते वामनराव आपटे, म्हणजे वहीखातेवाल्या बाजूचे मुख्य. सेतू पुरा झाला. तोवर १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट येऊन गेला होता आणि मुका सिनेमा घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे जन्मभर दाखवून काम भागवलेल्या दादासाहेबांना, चित्रण संपल्यावर, राम-लक्ष्मणापासून वानरसेनेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मागाहून बोलणं घालावं लागलं.