रात्री दहाचा ड्रॉप

२००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि ठाणे-डोंबिवलीच्या सुशिक्षित पोरांना कळलं, की छातीत धडधडणारा बेस ही कला असते. तोवर तो उपद्रव होता. शेजारच्या गावात आगरी हळदीचा डीजे वाजला की याच पोरांची घरं रात्री दहाच्या ठोक्याला पोलिसांना फोन लावत. अजूनही लावतात. तिकीट काढून कान किटवून घेणं वेगळं, फुकटात वेगळं.

मग स्वतः संगीत करायची हुक्की येते. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ उघडायचा, मिनिटाला १२८ ठोके लावायचे, चढवत न्यायचं, क्षणभर थांबायचं आणि दणका द्यायचा. नाशिक ढोलवाले हे लॅपटॉपशिवाय करतात, पण त्यांना कोणी निर्माता म्हणत नाही. आमचा निर्माता हेडफोन लावून एकटाच डुलतो, कारण खालच्या काकू सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत.

आदर्श सगळे डच किंवा स्वीडिश, घरचा एकही नाही. १९८२ साली मुंबईत चरणजीत सिंग या सिनेवादकाने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून तबकडी काढली, तेव्हा फारसं कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा इथल्यांना तिचा अभिमान वाटू लागला.

शेवटी काम मिळतं ते हळदीच्या रिमिक्सचंच. दर कडव्याला स्वतःचं नाव ओरडून घ्यायचं आणि बिदागी रोख मागायची. आईला ते क्लबचं गाणं म्हणून सांगायचं.